ऐकणारा बघून दिलेलं मत

‘छावा’ चित्रपट मला निम्माच आवडला. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. घरात नाही, शाळेत नाही, आसनगावच्या फलाटावर गाडीची वाट बघताना भेटणाऱ्या मैत्रिणींतही नाही. कुणी विचारलं की ‘अंगावर काटा आला’ एवढं सांगायचं आणि विषय पुढे ढकलायचा. काटा खरंच आला होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. काटा ओसरल्यावर जे वाटलं, ते मात्र मी गिळलं.

मी समीक्षक नाही. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूरचं. सुट्टी, पैसे आणि सोबत या तिन्ही गोष्टी जुळल्या की सिनेमाला जाते. माझ्या बोलण्याने कुठल्या चित्रपटाचा गल्ला वाढत नाही आणि कुणाचं नुकसानही होत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत पाहिलेले चित्रपट आठवायला बसले तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. गोष्टी अर्ध्यामुर्ध्या विसरले होते, पण कुठल्या चित्रपटाबद्दल कुणाला काय सांगितलं ते लख्ख आठवत होतं. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एक, सासूबाईंना दुसरं, मैत्रिणींना तिसरं. समोरचं माणूस बदललं की माझं मत बदलतं. मग माझं म्हणून काही मत आहे की नाही? दुसऱ्यांचे पेपर तपासण्यात हयात चालली आहे. एकदा आपलाही तपासावा, म्हणून हे लिहिते आहे.

‘छावा’पासूनच सुरुवात करते. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला आणि लगेचच्या एका रविवारी आम्ही घरचे सगळे कल्याणला गेलो. शेवटी संभाजी महाराजांचे हाल पडद्यावर चालू झाले तेव्हा आजूबाजूची मोठी माणसं हमसून रडत होती. दिवे लागले, मागच्या रांगेतल्या एका पोराने गारद म्हटली, सगळे उभे राहिले, मीही राहिले. तेव्हा मला काहीच खटकत नव्हतं. परतीच्या गाडीत खटकायला लागलं. विकी कौशलने अंग झोकून काम केलंय, अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त भीती घालतो, लढाया बघताना पापणी लवत नाही, हे सगळं खरं. पण नऊ वर्षं राज्य चालवणारा, ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा मला त्या गर्जनांमधून फारसा दिसलाच नाही. येसूबाईंना पडद्यावर काळजी करण्यापलीकडे पुरेसं काम नाही. आणि आवाज इतका, की बाहेर आल्यावर फलाटावरची घोषणासुद्धा हळू वाटली.

यातलं काहीही मी बोलले नाही, कारण तेव्हा ‘छावा’बद्दल बोलणं हे चित्रपटाबद्दल बोलणं राहिलंच नव्हतं. प्रदर्शनाआधीच लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते काढून टाकलं. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, त्यांची उतेकरांनी माफी मागितली. मार्चच्या १७ तारखेला नागपुरात दंगल उसळली आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत तर लोक मुघलांचा खजिना सापडेल म्हणून रात्री बॅटऱ्या घेऊन जमीन उकरत होते. एवढं सगळं चालू असताना ‘पार्श्वसंगीत फार मोठं आहे हो’ असं म्हणायला जागा कुठे होती? चित्रपटाला नाव ठेवणं म्हणजे महाराजांना नाव ठेवणं, असा अर्थ लावायला माणसं टपलेली होती. निदान मला तसं वाटत होतं. आमच्या गाडीतल्या बायकांनी खरंच मला काही केलं असतं का? बहुतेक नसतं. एखादीने ‘मलाही कानाला त्रास झाला’ असंही म्हटलं असतं.

पण माझ्या गप्प बसण्याचा खरा हिशेब शाळेत होतो. चौथीला आम्ही शिवचरित्र शिकवतो. त्या महिन्यात मुलांनी आईबापांच्या मोबाइलवर ‘छावा’चे तुकडे बघितले होते आणि मधल्या सुट्टीत त्याचा खेळ सुरू झाला. संभाजी व्हायला दहा जण तयार, महाराजांचा मित्र कवी कलश व्हायला दोघे, औरंगजेब व्हायला कुणीच नाही. मग तो दर वेळी एका कातकरी मुलाच्या वाट्याला यायचा. त्याच्या आईबापांना त्या वर्षी जवळचीच वीटभट्टी मिळाली होती म्हणून तो वर्गात होता. एरवी दिवाळीनंतर हे कुटुंब जे जातं ते पाऊस तोंडावर आल्यावर परततं. शाळेत राहायला मिळालं ते असं, की खेळात बाकीची मुलं शेवटी त्याला पाडून त्याच्यावर चढत. तो हसत असायचा. खेळात घेतलं यातच त्याचा आनंद असावा.

मी तो खेळ थांबवला, चिठ्ठ्या टाकून पात्रं वाटायला लावली, संभाजी महाराज किती भाषा शिकले होते ते वर्गात सांगितलं. हे करण्यात धाडस नव्हतं, कारण वर्गात माझंच राज्य. पुढच्या शिक्षण परिषदेत मात्र ‘छावा’चा मुलांवर काय परिणाम दिसला, असा विषय निघाला. एकेक जण उठून इतिहासाची गोडी लागल्याचं सांगत होता. माझी पाळी आली. त्या मुलाचं नाव ओठांवर होतं. मी म्हणाले, “मुलांमध्ये इतिहासाची गोडी निर्माण झाली.” टाळ्या झाल्या. हा भित्रेपणा होता, याला दुसरं काही म्हणायची सोय नाही. चित्रपट निम्मा आवडला हे लपवलं त्याचं मला फारसं काही वाटत नाही. ते लपवता लपवता त्या पोराचीही गोष्ट लपली, ती मनातून जात नाही.

आमच्या बाबांना असले प्रश्न पडत नसत. म्हशाच्या यात्रेत, पौषी पौर्णिमेला, एकीकडे बैलांचा बाजार आणि दुसरीकडे तमाशाचे फड; त्यातच त्यांच्या लहानपणी तंबूतला सिनेमा असायचा. जमिनीवर बसून बघायचा. बघून आले की त्यांचं मत दोनांपैकी एक: पैसे फिटले किंवा पैसे बुडाले. हेच ते पुढेही कल्याणच्या गारेगार थिएटरातून बाहेर पडताना म्हणत आले. तिकीट काढून देणाऱ्या जावयासमोरही ‘बुडाले’ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही. जावयाचं तोंड एवढंसं झालं होतं.

फक्त एकदा त्यांचं हे माप चाललं नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘शहीद भाई कोतवाल’ लागला. त्याच दिवसांत सगळीकडे ‘तान्हाजी’ची गर्दी होती. भाई कोतवाल माथेरानचे, शिक्षणाने वकील. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे आमच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आमच्याकडे दर २ जानेवारीला लोक तिथे जमतात; बाबाही पायी जायचे. चित्रपट बघून बाहेर आल्यावर मी विचारलं, “फिटले का?” तर म्हणाले, “आपल्या माणसाला कुठं मापतेस?” मला चित्रपटातल्या उणिवा दिसल्या होत्या. त्या मी बोलले नाही. उलट भेटेल त्याला ‘बघाच’ म्हणून सांगत सुटले.

आता बघा, ‘छावा’च्या वेळी गप्प बसले तेही ऐकणारा बघून आणि इथे गप्प बसले तेही ऐकणारा बघून. मग एकाचा सल आहे आणि दुसऱ्याचा का नाही? खूप विचार केला. पहिल्या वेळी मी स्वतःला वाचवत होते. दुसऱ्या वेळी वाचवायचं काही नव्हतं. म्हाताऱ्या बापाचे डोळे भरलेले होते आणि त्यात मला कॅमेऱ्याच्या चुका सांगायच्या नव्हत्या. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच करीन. ‘बाईपण भारी देवा’चंही तेच. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या बायका गाडी ठरवून, नऊवाऱ्या नेसून, काळे चष्मे लावून गेल्या. काहींनी सरकता जिना पहिल्यांदाच बघितला. मला चित्रपट विस्कळीत वाटला होता. ते त्या दिवशी कुणाला सांगायचं? आणि का?

एका बाबतीत मात्र माझं मन मला उगाच दोषी धरतं असं माझं म्हणणं आहे. मराठी माणसाने मराठी चित्रपट थिएटरात जाऊन बघितलाच पाहिजे, हे न पाळल्याचा तो दोष. जुलै २०२५ मध्ये ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच दिवशी लागले, १८ तारखेला. मराठी चित्रपटाचे खेळ काढून हिंदीला दिले म्हणून मोठी ओरड झाली, आंदोलनाची भाषा झाली. ती तक्रार रास्त होती. मीही स्टेटस ठेवलं: मराठी सिनेमा जगवा. आणि गेले ‘सैयारा’ला.

यात मी दोन गोष्टी वेगळ्या करते. आमच्याकडून सिनेमाला जायचं म्हणजे बहुतेकदा शहापूरहून शेअर रिक्षाने आसनगाव, तिथून लोकलने कल्याण, पुन्हा रिक्षा. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, एसटी किंवा स्वतःची गाडी. चौघं गेलो की तिकिटं, प्रवास आणि मध्यंतरातले पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजाराला खड्डा. गेल्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, त्याहून महाग तिकिटावरचा अठराच राहिला. आता मल्टिप्लेक्समध्ये रविवारी शंभराच्या आतलं तिकीट मला कुणी दाखवावं. त्यातून मराठी चित्रपट दुसऱ्या आठवड्यात पोचला की मला सापडतो तो सकाळी नऊचा नाहीतर रात्री साडेदहाचा. सकाळी नऊला मी शाळेच्या वाटेवर असते. रात्रीचा खेळ सुटल्यावर कसारा गाडी मिळेल की नाही या धास्तीने शेवटची वीस मिनिटं घड्याळात जातात. मल्टिप्लेक्सने दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावेत, असं सरकारने २०१५ मध्येच जाहीर केलं होतं. आता पॉपकॉर्नऐवजी वडापाव मिळणार का, अशा टोमण्यावरून त्या वेळी केवढा गदारोळ झाला होता! मला फक्त रविवारी दुपारी तीनचा खेळ हवा आहे. तो मिळत नसेल तर भाषाभक्तीची परीक्षा माझ्यावर लादू नये. वाईट मराठी चित्रपट केवळ मराठी आहे म्हणून बघणार नाही, हेही इथेच सांगून टाकते; त्याने मराठीचं भलं होतं यावर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या पदरात घालायला हवी. ‘सैयारा’ला का गेलीस, असं विचारल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, लेकीच्या हट्टापायी. लेक अकरावीत आहे, ती रडली, हे खरं. पण मीही रडले आणि मला ते गाणं-बिणं, पावसातलं भिजणं सगळं आवडलं. वय झालेल्या शिक्षिकेला असलं आवडू नये असं मीच ठरवून टाकलं होतं. नावडलेलं लपवण्यापेक्षा आवडलेलं लपवणं जास्त केविलवाणं वाटतं मला.

‘फुले’ची गोष्ट अवघड आहे. तो ११ एप्रिल २०२५ ला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने जातींचे उल्लेख बदलायला सांगितल्याचा वाद झाला आणि तो २५ एप्रिलला लागला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालणारी, त्यांच्यामुळेच नोकरीला लागलेली बाई मी. जाणं भागच होतं आणि मनापासून गेलेही. थिएटर रिकामं होतं. पत्रलेखा आणि प्रतीक गांधी दोघांचंही काम नेमस्त, चांगलं. पण चित्रपट मला पाठासारखा वाटला: एक प्रसंग, मग दुसरा, मग स्वाध्याय. चिखल-शेण झेलत शाळेत जाणाऱ्या बाईच्या पोटात त्या सकाळी काय होत असेल, हे मला बघायचं होतं, ते क्वचितच दिसलं.

हे मत घेऊन मी कुठे जाऊ? परिषदेत दोन गट होते. एका गटाने चित्रपट न बघताच तो जातीयवादी ठरवला होता, दुसऱ्याने न बघताच महान. पहिल्या गटाला माझं मत सांगितलं असतं तर ‘बघा, बाईंनासुद्धा आवडला नाही’ म्हणून ते हातोहात पुढे गेलं असतं. दुसऱ्या गटाला सांगितलं असतं तर ‘तुम्ही त्यांच्यातल्या झालात का?’ असा प्रश्न आला असता. मी ‘बघा एकदा’ म्हणून सुटले. यात माझी चूक किती, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. खरं बोललेलं चुकीच्या हातात पडेल म्हणून न बोलणं यात शहाणपण असतं. पण हेच कारण सांगत माणूस आयुष्यभर गप्प बसू शकतो आणि आमच्या खात्यात तशी माणसं मी रोज बघते.

मत कसं द्यावं हे मला एका ठाकर आजोबांनी दाखवलं, तेही थिएटरात पाऊल न टाकता. शाळेला देणगीत टीव्ही मिळाला होता. एका संध्याकाळी पालकांना बोलावून मी ‘जैत रे जैत’ लावला. जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकरांच्या जगण्यावरचा म्हणून मी मोठ्या अभिमानाने लावलेला. मनात होतं की आपलं आयुष्य पडद्यावर बघून ही माणसं भारावतील. चित्रपट संपला. आजोबा आयुष्यभर मध काढत आलेले. ते म्हणाले, “पोळं असं नाय काढत बाई. धूर करायचा, अंधार बघायचा, चढायचं, उतरायचं. येवढी गानी म्हनत बसला तं माशा नाय का उठायच्या?” सगळे हसले. मी हिरमुसले. मग ते स्मिता पाटीलबद्दल म्हणाले, “ही पोर मातर आमच्यातली हाय.” मी सांगितलं की नाही, ती पुढाऱ्याच्या घरातली, शिकली-सवरलेली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मंग चांगलं शिकली.”

बाई समोर उभी आहे, चित्रपट बाईंनी लावलाय, बाईंना बरं वाटावं, असला विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. आणि चुकलेलं जितक्या सहज सांगितलं तितक्याच सहज चांगलंही. गाणी ही त्या चित्रपटाची जान आहे असं मी अजूनही मानते, तेव्हा आजोबांशी माझं पटत नाही. पण तो वाद घालण्याजोगा आहे, कारण समोर एक खरं मत आहे. माझ्या ‘अंगावर काटा आला’शी कुणी काय वाद घालणार?

‘दशावतार’ आला १२ सप्टेंबर २०२५ ला. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर म्हाताऱ्या बाबुलीच्या भूमिकेत जे काही करतात त्याला तोड नाही. हे मी कुणाही समोर, कुठल्याही दबावाशिवाय म्हणेन. उत्तरार्धात चित्रपट बराच उपदेश करतो, हेही म्हणेन. मुद्दा वेगळाच आहे. कोकणातल्या जंगलावर, देवाच्या जागेवर खाणवाल्यांचा डोळा. त्याविरुद्ध म्हातारा उभा राहतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या. आणि मग वाहनतळात जाऊन ज्या गाडीत बसलो ती गाडी समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यातून घेतलेली. हा रस्ता आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. सुरुवातीला इथेही जमीन देणार नाही म्हणून मोर्चे निघाले, आमच्या घरातलेही गेले होते. पुढे भाव वाढला, सह्या झाल्या. गेल्या वर्षी ५ जूनला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. जमीन दिली यात आम्ही पाप केलं असं मी मानत नाही. भातशेतीवर घर चालत नव्हतं, सासऱ्यांच्या औषधांना पैसे लागत होते. पण घरी येताना हे म्हणाले, “काय झुंजला ना म्हातारा!” आणि मी ‘हो ना’ म्हणाले, तेव्हा आम्ही दोघं कुणाबद्दल बोलत होतो?

इथे मला पहिल्यांदा उमगलं की ऐकणारं माणूस समोर नसलं तरी मी मत बदलते. त्या गाडीत फक्त नवरा होता, ज्याच्यापुढे मला कसली भीड नाही. तिथे मी माझ्यासाठीच बोलत होते. टाळ्या वाजवल्या की आपण म्हाताऱ्याच्या बाजूचे ठरतो, आणि तेवढ्यात भागतं. पाण्याचंच बघा. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या डोंगरात, आणि एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. त्यावर उद्या कुणी चांगला चित्रपट काढला तर आम्ही शहापूरकर तोही डोळे पुसत बघू आणि हात धुऊन जेवायला बसू.

राहिला शेवटचा. यंदा १ जानेवारीला हेमंत ढोमेंचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ आला. बंद पडू घातलेली मराठी शाळा, सचिन खेडेकर मुख्याध्यापक, जुने विद्यार्थी परत येतात. आम्ही शिक्षिका मिळून गेलो. आमच्याइतकं त्यात कोण गुंतणार? पट कमी म्हणून शाळा जाण्याची टांगती तलवार आम्ही दर जूनला बघतो. आम्ही हसलो, रडलो, बाहेर येऊन फोटो काढले. गाडीत बसल्यावर एकजण म्हणाली, “प्रत्येक पालकाला दाखवला पाहिजे.” सगळ्यांनी माना हलवल्या. त्या डब्यात बसलेल्या आमच्यातल्या एकीचंही मूल मराठी शाळेत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही उच्चारलं नाही, मी धरून.

आमचा धाकटा तिसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तो माझ्याच वर्गात बसू शकला असता. तो बसला नाही, याचं कारण मराठीवरचं प्रेम कमी पडलं असं लोक म्हणतील. ते खरं नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यात मतदार यादी, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, रोज भरायची ऑनलाइन माहिती. एका वर्गाला दिवसाकाठी मी खरोखर किती शिकवते, हे दुसऱ्या कुणापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. म्हणूनच पोराला तिथे बसवलं नाही. दुसऱ्यांची पोरं मात्र तिथे बसतात, आणि ती यावीत म्हणून मे महिन्यात मी दारोदार फिरते, पटसंख्येसाठी.

चित्रपटात या प्रश्नाचं उत्तर आहे का? थोडं आहे, पुरेसं नाही. उत्तरार्ध लांबला आहे, सुरुवातीचे विनोद छान जमलेत, खेडेकरांना बघताना मला आमचे मुरबाडचे हेडमास्तर आठवले. बाबांच्या मापाने पैसे फिटले. जमलं तर थिएटरात जाऊन बघा. आमचा धाकटा येत्या जूनमध्ये त्याच इंग्रजी शाळेत चौथीत जाईल.